हात पुढे केला होता का?

१८९१ साली इजिप्तमध्ये देर अल-बहरी इथं आमुनेत नावाच्या बाईची ममी सापडली. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची ही बाई हाथोर देवीची पुजारीण होती, आणि तसं तिच्या शवपेटीवर लिहिलेलंही होतं. पण तिच्या पोटावर, मांड्यांवर, हातांवर ठिपक्यांच्या आणि रेघांच्या ओळी गोंदलेल्या दिसल्या, आणि ते लिहिलेलं मागं पडलं. कुणी म्हणालं नाचणारी असेल, कुणी म्हणालं राजाच्या सेवेतली रखेल. फूके नावाच्या डॉक्टरांना त्यात ओटीपोटाच्या दुखण्यावरचा उपचार दिसला. १९२३ साली उत्खनन करणाऱ्या विनलॉक यांना त्याच परिसरात गोंदलेल्या आणखी दोन बायका मिळाल्या, त्यांचीही गणना नर्तकींत झाली. पुढे जोआन फ्लेचर या अभ्यासक बाईंनी सुचवलं की गरोदरपणी पोट वाढतं तसं हे ठिपक्यांचं जाळं त्याभोवती ताणत जातं. ते पोटातल्या जिवाच्या राखणीसाठी असावं. मला हे पटतं. बाईच्या अंगाला काय काय सोसावं लागतं, तिथून हा विचार सुरू होतो.

इजिप्तमध्येच देर अल-मदिना इथल्या एका ममीवर तर तीसहून अधिक गोंदणं मिळाली. अभ्यासक ॲन ऑस्टिन यांनी २०१४ मध्ये ती पाहिली आणि मग अवरक्त किरणांच्या मदतीनं नीट तपासली. मानेवर बसलेली वानरं, रक्षण करणारे डोळे, हातावर हाथोरच्या गायी. अंगभर देवी वागवणाऱ्या या बाईला रखेल म्हणायला आता कुणी धजणार नाही.

माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन होतं, हनुवटीवर एक ठिपका. त्याचा अर्थ काय, असं मी लहानपणी खोदून खोदून विचारायचे. तिला तो प्रश्नच कळायचा नाही. ती सांगायची ते निराळंच. जत्रेत गोंदणारीण बसली होती, थोरल्या जावेनं मनगट घट्ट धरलं होतं, सुया टोचताना हिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गोंदणारीण गाणं म्हणत होती. वर हळद लावली, हात सुजला, चार दिवस भांड्यांना हात लावू दिला नाही. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: सोनंनाणं इथंच राहायचं, हे तेवढं संगं येतं. अर्थाच्या मागं लागून मी तिच्या आयुष्यातला एक मोलाचा दिवस ऐकत होते, हे मला फार उशिरा उमगलं.

ओकिनावा बेटांवरच्या बायकांबद्दल वाचलं तेव्हा आजीचं तेच वाक्य तिथं भेटलं. हातांच्या पाठीवर, बोटांवर त्या निळ्याकाळ्या खुणा गोंदून घेत. त्याला त्या हाजिची म्हणत. गोंदणाऱ्या बायकाच असत. लहानपणी सुरुवात व्हायची, लग्नानंतर काम पुरं व्हायचं. बेटाबेटांची नक्षी वेगळी. हाजिची नसेल तर मेल्यावर हाल होतात, असं तिथंही मानत. ही बेटं जपाननं १८७९ साली आपल्या राज्यात घेतली आणि १८९९ मध्ये गोंदण्यावर बंदी आणली. सुधारलेल्या देशाला ते रानटी वाटत होतं. बायकांनी बंदीनंतरही चोरून हात पुढे केले. पण पोटासाठी परदेशी गेलेल्यांना त्याच हातांची लाज वाटायला लागली, आणि कित्येक जणी लोकांत हात झाकून वावरल्या. कायद्यानं नक्षी मोडली याचं दुःख आहेच, पण म्हातारपणी स्वतःचेच हात लपवावे लागणं मला त्याहून क्रूर वाटतं.

तरीही गोंदण म्हटलं की लगेच परंपरेचं कौतुक करायला मन धजत नाही. १९१५ नंतर आर्मेनियन लोकांच्या संहारात पळवल्या गेलेल्या मुलींच्या चेहऱ्यांवर आणि हातांवर, ज्या घरांत त्या अडकल्या त्या घरांच्या रीतीप्रमाणं गोंदलं गेलं. ज्या टोळ्यांत ते शोभेचं मानलं जाई, त्यांचीच ती नक्षी होती. सुझान खार्दालियन यांनी आपल्या आजीच्या निळ्या खुणांवर २०११ साली माहितीपट केला. त्या घरात त्या खुणांविषयी कुणी बोलतच नसे. आकार तेच, शाई तीच. माझ्या आजीचं मनगट जावेनं धरलं होतं आणि या मुलींचंही कुणीतरी धरलं असेल, पण माझी आजी स्वतःहून जाऊन बसली होती. गोंदणांच्या नक्ष्या गोळा करणाऱ्या पुस्तकांत मला नेमकं हेच सापडत नाही. विंचू, पाळणा, तुळस सगळं काढलेलं असतं, पण त्या बाईला ते हवं होतं का, हे कुणी टिपलेलं नसतं. हातावर जुनं गोंदण असलेल्या बायका आता पिकल्या आहेत, तेव्हा हे विचारायचं तर आताच.

मर्जीविरुद्धचं गोंदण आपल्याकडेही झालं. डिसेंबर १९९३ मध्ये अमृतसरच्या पोलिसांनी चोरीच्या संशयावरून पकडलेल्या चार बायकांच्या कपाळावर ‘जेबकतरी’, म्हणजे खिसेकापू, असं गोंदवलं. त्या बायका न्यायालयात लढत राहिल्या. त्यांचं म्हणणं खरं ठरून तीन पोलिसांना शिक्षा झाली ती २०१६ साली.