वेदीजवळचे सूर, नाचघरातील ताल

संगीताची देवाचे आणि जगाचे अशी सरळ वाटणी करण्याची आपल्या श्रद्धावंतांना जुनी सवय आहे. मिस्साबलिदानात ऑर्गन असावा, लग्नाच्या मांडवात बँड असावा. एकाने दुसऱ्याचा उंबरठा ओलांडू नये. मध्यंतरी नाशिकच्या आमच्या धर्मग्रामातील एका पित्याने मला विचारले, "फादर, मुलगा रविवारी गायकवृंदाबरोबर ट्रम्पेट वाजवतो आणि शनिवारी रात्री रिसेप्शनमध्ये रुंबा, चा-चा-चा वाजवतो. लोक नावे ठेवतात. त्याला थांबवू का?"

हा प्रश्न नवा नाही. आपल्याच गोदावरीच्या काठी, खाली पुणतांब्याला, 1918 साली रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. पुढे ते सी. रामचंद्र म्हणून विख्यात झाले. त्यांच्या दोन वर्षे आधी गोव्यातील हळदोण्यात आंतोनियो झेवियर वाझ जन्मले. मुंबईत ते 'चिक चॉकलेट' या नावाने ओळखले जात आणि त्यांच्या ट्रम्पेटमुळे लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. ताजमहाल हॉटेलच्या नाचघरात त्यांचा बँड स्विंग वाजवी. हेच चिक पुढे सी. रामचंद्रांचे सहायक झाले. 1951 च्या भगवानदादांच्या 'अलबेला'त लॅटिन अमेरिकेचा ताल आणि आपल्या मातीची चाल अशी काही एकजीव झाली की ऐकणाऱ्याला सांधा सापडू नये. त्या चित्रपटात झालरीच्या बाह्यांचे क्यूबन सदरे घातलेला चिक यांचा बँड पडद्यावरही दिसतो.

हा ताल मुळात आला कोठून? आफ्रिकेतून गुलाम म्हणून क्यूबात नेलेल्या माणसांनी आपले ढोल मनात जपले. स्पॅनिश गाण्याशी त्यांची गाठ पडली आणि रुंबा जन्मास आला. ज्यांचे सर्वस्व हिरावले गेले, त्यांनी जगाला आनंद दिला. त्या आनंदाला हलका म्हणताना आपण थोडे थांबावे.

आणि हे संगीत वाजविणारे हात कोणी घडविले? गोव्यातील धर्मग्रामांच्या संगीतशाळांनी. तेथे मुले आधी स्वरलिपी वाचावयास शिकत, मग व्हायोलिन हाती घेत. उद्देश एवढाच की उपासनेला गायक-वादक मिळावेत. त्या विद्येवर गोमंतकीय वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि मग चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात पोट भरू लागले. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यमेळ बांधला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे गुरू. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यात शिष्याने गुरूचे नाव अमर केले. मात्र अशा असंख्य वादकांची नावे पडद्यावर कधीच आली नाहीत.

धर्मसभेची सावधगिरीही अनाठायी नव्हती. 1903 साली पोप दहावे पायस यांनी उपासनेत पियानो आणि ढोलझांजांना मनाई केली, कारण नाट्यगृह वेदीपर्यंत येऊन पोहोचले होते. 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पाइप ऑर्गनचा मान राखला. परंतु पवित्र कार्यास योग्य असतील अशा इतर वाद्यांनाही अधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडले. स्तोत्र 150 मध्ये तर कर्णा, डफ, झांजा आणि नृत्य हे सारेच देवाच्या स्तुतीसाठी एकत्र येतात. म्हणून प्रश्न वाद्याचा नाही, औचित्याचा आहे. रुंबा वेदीजवळ शोभणार नाही. पण तो वाजविणारा तेथे परका नाही.

मी त्या पित्याला म्हणालो, "थांबवू नका. शनिवारी प्रामाणिकपणे वाजवू द्या, पैसे घरी आणू द्या. आणि रविवारी वेळेवर, शुद्धीत येऊ द्या. एवढी अट पुरे."

माझी चिंता निराळी आहे. आज कीबोर्डचे बटण दाबले की तयार ताल वाजतो. त्यामुळे स्वरलिपी वाचणारी मुले कमी होत चालली आहेत. ज्या विद्येने आपल्या माणसांना वेदीही दिली आणि भाकरीही, ती आपल्याच अंगणात सुकू नये. धर्मग्रामाच्या सभागृहात आठवड्यातून दोन संध्याकाळी एखादा जाणता वादक दहा मुलांना घेऊन बसला, तरी पुष्कळ होईल. त्यांतील कोणी गायकवृंदात जाईल, कोणी बँडमध्ये. दोघांचाही देव एकच आहे.