वर जाणारा पाऊस

लेकीच्या घरचे तीन आठवडे कसे सरले, कळलेच नाही. सिंगापूरहून परतायचा दिवस उजाडला. मगरिबची नमाज घरीच अदा करून आम्ही दोघे, लेक, जावई आणि पाच वर्षांचा नातू असे सगळे चांगी विमानतळाच्या टर्मिनल 1 वर पोहोचलो. सामान देऊन झाले. आत जायला तास-दीड तास होता. निरोपाची ही वेळ फार अवघड. बोलायचे खूप असते आणि तोंडातून निघते एवढेच, "पासपोर्ट नीट ठेवलात ना?"

तेवढ्यात नातवाने हात ओढला. "नाना, नानी, वर बघा! पाऊस वर चाललाय!"

सरकत्या जिन्यांच्या वर, मोकळ्या जागेत, तांब्याच्या रंगाचे शेकडो थेंब लटकत होते. एकेक थेंब बारीक तारेवर. काही खाली येत होते, काही वर जात होते. बघता बघता त्यांची लाट झाली, लाटेतून विमानाचा आकार उमटला आणि पुन्हा विरला. आवाज जवळजवळ नाहीच. घाईघाईने बॅगा ओढणारी माणसेही क्षणभर थांबत होती, मान वर करत होती.

या कलाकृतीचे नाव 'कायनेटिक रेन', म्हणजे हलता पाऊस. जर्मनीतील बर्लिनच्या 'आर्ट प्लस कॉम' या कलासंस्थेने ती घडवली. 1981 साली सुरू झालेल्या या टर्मिनलचे नूतनीकरण झाले, तेव्हा 2012 मध्ये ती इथे बसवण्यात आली. एकूण थेंब 1,216. ते दोन भागांत आहेत, प्रत्येक भागात 608. थेंब आतून हलक्या ॲल्युमिनियमचा, वरून तांब्याचा मुलामा. वजन सुमारे 180 ग्रॅम, म्हणजे पाव किलोहूनही कमी. दोन्ही भाग मिळून 75 चौरस मीटर जागेवर पसरलेले, आणि थेंबाला खालीवर व्हायला 7 मीटरहून अधिक उंची.

आम्हा दोघांपैकी एकाचा जन्म वायरमनकीत गेला. त्यामुळे नजर थेंबांवरून छताकडे गेली. हे सगळे टांगले आहे कशाला? प्रत्येक थेंबासाठी छतात वेगळी मोटर लपवलेली आहे. मोटर फिरली की तार गुंडाळली जाते आणि थेंब वर चढतो, उलट फिरली की उतरतो. विहिरीच्या रहाटासारखेच म्हणा ना! फक्त इथे 1,216 रहाट आहेत आणि ते सगळे संगणकाच्या हुकमाने चालतात. कोणत्या क्षणी कोणता थेंब किती उंचीवर असावा, हे आधीच ठरलेले. हा खेळ सुमारे 15 मिनिटांचा. विमान, पतंग, गरम हवेचा फुगा असे उडण्याचेच आकार त्यात येतात. बाजूने दिवे सोडलेले असल्याने थेंबांच्या सावल्याही सोबत हलतात.

"एवढा खर्च कशाला? हा इसराफ नाही का?" नानींनी विचारले. प्रश्न खरा होता. घरात आम्ही जास्तीचा एक दिवाही जळू देत नाही.

उत्तर देण्याआधी आम्हाला आमच्या गावची मशीद आठवली. खूप वर्षांपूर्वी रमजानच्या तोंडावर वर्गणीतून झुंबर आणले होते. ते चढवण्याचे काम आमच्याच हातचे. हुक जुन्या लाकडी तुळईत बसवला. वरून लाकूड ठणठणीत दिसत होते. आतून ते पोखरलेले आहे का, हे तपासायचा आम्ही कंटाळा केला. चौथ्या रात्री, इशा आणि तरावीह आटोपून जमात घरी गेल्यावर, झुंबर खाली आले. अल्लाहने वाचवले. ज्या जागी ते पडले, तिथे तासाभरापूर्वी मुलांची सफ उभी होती. गावाने फारसा दोष दिला नाही. पण त्या रात्री आम्हा दोघांनाही झोप लागली नाही. ते फुटक्या काचांचे घमेले डोळ्यांपुढून आजही हलत नाही.

म्हणून नानींना एवढेच म्हटले, "खर्चाचा हिशेब ज्याचा त्याने द्यावा. पण हे बघा, खालून रोज हजारो माणसे जातात, लेकरे जातात. कुणालाही वर बघून भीती वाटत नाही. थेंब इतका हलका का ठेवला, तार कशी निवडली, छत किती भार सोसेल, याचा आधी कुणीतरी बसून विचार केला आहे. डोक्यावर टांगलेली वस्तू ही खालच्या माणसांची अमानत असते."

नानी काही बोलल्या नाहीत. त्या बराच वेळ वर बघत राहिल्या.

मग नातवाने विचारले, "नाना, थेंब वर गेला की परत येतो का?"

"येतो ना. तारेला बांधलाय."

हे ऐकून लेकीने तोंड फिरवले. तिच्या डोळ्यांतला पाऊस मात्र खालीच येत होता. नानींनी तिला जवळ घेतले, डोक्यावरून हात फिरवला आणि हळू आवाजात दुआ केली. एवढा वेळ जे बोलता आले नव्हते, ते तिथे त्या थेंबांखाली उभ्या उभ्या झाले.

घरी पोहोचल्यावर पहिल्याच जुम्याला नमाजनंतर आम्ही शिडी मागवली. मशिदीतले झुंबर आता लोखंडी गर्डरला आहे, तरुण मुलांनी नीट बसवलेले. तरीही वर चढून हुक हाताने हलवून पाहिला. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या पोराला म्हटले, "हे दरवर्षी रमजानआधी करायचे. आम्ही नसलो तरी."

हुक पक्का आहे, अल्हम्दुलिल्लाह.