पाच सह्यांचा नकाशा

घर बांधायचे ठरले की आपल्याकडे आधी वाळू-सिमेंटचा भाव विचारतात, मग गवंडी ठरवतात. कागदांची आठवण सर्वांत शेवटी येते. आम्हा भावंडांना मात्र कागदांनीच आधी एकत्र बसवले.

अब्बांच्या पश्चात गावातली १४० चौरस मीटरची जागा व तिच्यावरचे मातीचे घर आम्हा तीन भावांकडे आणि दोन बहिणींकडे आले. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या जागेसाठी परवानगीची वाट सोपी केली आहे. तरी मालकीचा उतारा आणि नकाशा यांतून सुटका नाही.

आर्किटेक्टने सांगितले, नकाशे दोन प्रकारचे. एक मंजुरीचा. त्यात जागेच्या हद्दी, समोरचा रस्ता, सोडायची मोकळी जागा आणि बांधकामाचे क्षेत्रफळ. दुसरा गवंड्याच्या हाती द्यायचा. त्यात पायाची खोली, कॉलमच्या जागा, सळईची जाडी, खिडक्यांची उंची. मंजुरीच्या नकाशात नवे बांधकाम लाल रंगात भरतात आणि पाडायचे ते पिवळ्या रेघांनी दाखवतात. अब्बांच्या हातच्या भिंती पिवळ्या झालेल्या पाहून धाकटा भाऊ बराच वेळ बोलला नाही.

आर्किटेक्टला वास्तुशास्त्राच्या मागण्यांची सवय होती. आमची मागणी वेगळी होती. संडासाचे भांडे पूर्व-पश्चिम नको, बसणाऱ्याचे तोंड किंवा पाठ किब्ल्याकडे येते. त्यांनी हसत भांडे फिरवले, त्याबरोबर सांडपाण्याची तुटक लाल रेघ फिरली, चेंबरही सरकले. कागदावर हे पाच मिनिटांचे काम. फरशी बसल्यावर हेच काम फोडाफोडीचे झाले असते.

फाईल तयार करून देणाऱ्या गृहस्थांनी एक सल्ला दिला, "बहिणींकडून हक्कसोडपत्र घेऊन टाका. पुढे सह्यांची कटकट राहणार नाही." मोठी आपा लगेच म्हणाली, "करते मी सही. मला हिस्सा नको, माझं माहेर तेवढं राहू द्या."

हे वाक्य आपल्या किती घरांत बोलले गेले असेल! शरीयतने मुलाला दोन तर मुलीला एक हिस्सा नेमून दिला. आमच्या जागेचे आठ हिस्से होतात, प्रत्येक बहिणीचा एक, म्हणजे साडेसतरा चौरस मीटर. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत एकच खोली असेल तर ती किमान साडेनऊ चौरस मीटरची हवी. बहिणीचा हिस्सा त्याहून मोठा आहे. तो सोडायला लावून वर माहेरपणाला बोलवायचे, हे आम्हा तिघांनाही पटेना.

म्हणून नकाशा पुन्हा काढला. तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला, स्वतंत्र दरवाजाच्या दोन खोल्या आल्या. त्या दोघी बहिणींच्या. जिना थोडा उभा झाला, आमची बैठक लहान झाली, आर्किटेक्टची फी वाढली. मिळकत पत्रिकेवर पाचही नावे लागली आणि अर्जावर पाच सह्या झाल्या. त्यासाठी धाकटीला सासरहून दोनदा यावे लागले.

बांधकाम परवानगी एका वर्षाची असते, मुदत वाढवून घेता येते. घर पुरे झाले की भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचे. ते सगळे रीतसर होईल. पण आर्किटेक्टकडे जाण्यापूर्वी भावंडांनी एकदा एकत्र बसून हिस्से मोजावेत, एवढे मात्र आम्ही आता प्रत्येकाला सांगतो. भिंत कागदावर असते तोवरच ती सरकवणे सोपे असते.