बंदरावरचा मुकादम

दिवाळीत गावी गेलो तर पारावर तात्यांनी विचारलं, "काय रं, तू बोटीवर असतोस म्हणं?" बोटीवर नाही तात्या, बोटीतून कंटेनर उतरवणाऱ्या क्रेनवर. तेही चालवायला नाही, दुरुस्तीला. आपल्या बीडात समुद्र नाही, त्यामुळं हे सांगण्यात दरवेळी अर्धा तास जातो. म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

उरण तालुक्यात न्हावा-शेवाला जवाहरलाल नेहरू बंदर आहे, २६ मे १९८९ ला सुरू झालेलं. मी तिथं १२ वर्षं इलेक्ट्रिशियन आहे. क्रेनच्या पोलादी दोरांना खाली एक लोखंडी चौकट लटकते, तिला स्प्रेडर म्हणतात. तिच्या चार कोपऱ्यांत चार ट्विस्टलॉक. ते कंटेनरच्या कोपऱ्यातल्या भोकांत उतरतात आणि पाव फेरा फिरून अडकतात. ३० टनांपर्यंतचा भरलेला डबा या चार कड्यांवर लटकतो, खाली माणसं असतात. चारही लॉक लागल्याचा सिग्नल आल्याशिवाय क्रेन उचलतच नाही, अशी सोय केलेली असते. ठराविक दिवसांनी लॉक काढून साफ करायचे, त्यावर लाल द्रव मारायचा, पुसायचा, मग वरून पांढरा फवारा. केसाएवढी चीर असली तरी पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. रेघ दिसली की तो लॉक बाद. दोराच्या तुटलेल्या तारा मोजायच्या, ग्रीस द्यायचं. खारं वारं लोखंडाला कसं खातं ते इथं कळतं.

एका पावसाळ्यातली रात्र. एका कोपऱ्याचा सिग्नल येईना. सुपरवायझर म्हणाला, "सेन्सरमध्ये पाणी गेलं असंल, जंपर मार. बोट थांबलीय." जंपर मारायचा म्हणजे वायर जोडून क्रेनला खोटंच सांगायचं की लॉक लागलाय. खाली लॅशिंगची पोरं होती, त्यातली दोन गेवराईकडची. मी नाही म्हणालो. स्प्रेडर उघडला, ४० मिनिटं गेली. सेन्सर ठणठणीत होता. लॉकच पुरा फिरत नव्हता.

पुढच्या महिन्यात ठेकेदाराच्या यादीत माझं नाव नव्हतं.

हे शौर्य वगैरे नव्हतं बरं का. घरी बायकोचा पगार होता म्हणून जमलं. ज्याच्या मागं दोन लेकरं आणि खोलीचं भाडं आहे, तो कसा नाही म्हणंल? सगळेच असे नसतात, रात्री दोनला स्वतः वर चढून येणारे साहेबही बघितलेत. पण ऊसतोडीला गेलेल्या माणसाला मी काय सांगतोय ते लगेच कळंल. ठेकेदार म्हणजे बंदरावरचा मुकादम. उचल देत नाही, एवढाच फरक. ठेका बदलला की नवा गेटपास, पगार पहिल्यापासून, १२ वर्षांचा अनुभव गेला पाण्यात. माझे चार ठेकेदार झाले. क्रेन तीच. तिची कुठली खोड कुठं आहे हे ज्याला माहीत, तोच माणूस बाहेर.

आता हे आज का लिहितोय? ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. खर्च ७६ हजार कोटींच्या घरात. (तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे, त्यावर बोलायचा हक्क आधी त्यांचा.) रोजगाराची भाषणं आपल्याकडंही पोचलीत. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडहून अहिल्यानगरला रेल्वेही धावायला लागली. पोरं निघणार, निघावीतच. पण कोयता सोडून लॅशिंगचा दांडा धरायला की क्रेनचं पॅनल उघडायला? मी आयटीआयत मोटार भरायला शिकलो, पीएलसी पहिल्यांदा पाहिला तो बंदरावर. मतं मागायला येतील त्यांना विचारा, आपल्या आयटीआयत हायड्रॉलिक्स आणि पीएलसी हाताळायला कधी मिळणार? ठेका बदलला तरी नोकरीची वर्षं मोजणार का? धोका दिसला तर काम थांबवणाऱ्याला यादीतून काढणार नाही, हे लिहून देणार का?

तात्यांचा नातू यंदा फिटरला आहे. जाताना म्हणाले, "घिऊन जा त्याला तुझ्यासंगं." मी म्हटलं, परीक्षा होऊ द्या, मग बघू. खरं सांगायचं तर कुठल्या ठेकेदाराकडं लावावा, हेच माझं ठरत नाहीये.