दुसरा पट्टा

गेममधला हिरो दोन्ही हातांत शस्त्रं घेऊन उभा राहिला की आपण मनातल्या मनात एक गुणाकार करून मोकळे होतो. एक तलवार म्हणजे दहा डॅमेज, मग दोन तलवारी म्हणजे वीस. संपला विषय! शाळेत पावनखिंडीचं चित्र बघताना (१६६०, बाजीप्रभू, दोन्ही हातांत शस्त्र) चौथीतलं डोकंही हाच हिशोब करतं.

आणि गेम बनवणारी मंडळी कित्येक वर्षं नेमका हाच गुणाकार होऊ नये म्हणून डोकं खाजवत बसली आहेत. कारण सरळ आहे. दुसरी तलवार फुकट मिळाली तर ढाल कोण घेणार? मोठी दोन हातांनी धरायची कुऱ्हाड कोण घेणार? सगळे तेच एक घेतील आणि बाकीची सगळी शस्त्रं नुसती मेनूत शोभेला.

म्हणून मग किंमत लावायची. सगळ्यात सोपी किंमत आकड्यांची. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत काहीही न शिकता दोन शस्त्रं घेतली तर वीस बाजूंच्या फाशावर उजव्या हाताला उणे सहा आणि डाव्याला उणे दहा. म्हणजे डावा हात जवळजवळ प्रसादापुरताच. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनं (२००४) जरा हुशारी केली. डाव्या हाताचं डॅमेज निम्मं, आणि दोन्ही हातांचे साधे वार चुकण्याची शक्यता १९ टक्क्यांनी जास्त. करून बघा हिशोब. बरोबरीच्या शत्रूवर एका शस्त्राचे ५ टक्के वार चुकतात, म्हणजे शंभरातले ९५ लागले. दोन शस्त्रांवर २४ टक्के चुकतात, म्हणजे उजव्याचे ७६ आणि डाव्याचे निम्म्या ताकदीचे ७६, एकूण ११४. ९५ चे ११४. दुप्पट कुठे, जेमतेम वीस टक्के वाढ! लोक तरीही दोन तलवारी घेऊन फिरायचे, कारण दिसायला भारी. हा मुद्दा डिझाइनच्या पुस्तकात नसतो, पण खरा आहे.

हॉस्टेलवर आम्ही काउंटर स्ट्राइक १.६ खेळायचो त्यातल्या ड्युअल एलीट आठवा. दोन पिस्तुलं, ८०० डॉलर, तीस गोळ्या, आणि रीलोड म्हणजे तेवढ्यात समोरचा येऊन मारून, तुमची बंदूक उचलून जाईल. ती कोणी घेतली की सगळा फ्लोअर ओरडायचा. टीमची इज्जत काढायलाच घ्यायचे लोक ती.

पण मला सगळ्यात आवडतो तो हेलो २ (२००४) चा प्रयोग. त्यात डाव्या ट्रिगरवर एरवी ग्रेनेड. दुसऱ्या हातात बंदूक घेतली की तोच ट्रिगर त्या बंदुकीचा. म्हणजे ग्रेनेड गेला. जवळून ठोसा मारायचा तर डावी बंदूक खाली पडते. इथे आकडा कापलेला नाही, हात कापलाय. पण गंमत अशी झाली की दोन घेऊन जास्त होऊ नये म्हणून काही बंदुका एकेकट्या असतानाच मिळमिळीत ठेवाव्या लागल्या. दुसऱ्या हाताची किंमत पहिल्या हातानं भरली. पुढे २०१० च्या हेलो रीचमध्ये हा प्रकारच काढून टाकला.

याउलट प्रिन्स ऑफ पर्शियाच्या २००३ च्या भागात उजव्या हातात तलवार आणि डाव्यात खंजीर, पण खंजिराचं काम वेगळंच: पडलेल्या शत्रूमधली वाळू खेचायची आणि काळ मागे फिरवायचा. दोन हात, दोन नोकऱ्या. आपल्याकडे १६५९ ची प्रतापगडाची गोष्ट सांगताना वाघनख आणि बिचवा दोन्ही येतात तेही असंच. ती काही एकाच शस्त्राची जोडी नाही.

आता हे सगळं मी का सांगतोय? तर अकोल्याचा माझा एक कॉलेजचा दोस्त आणि मी, गेले काही महिने शनिवार-रविवार मिळून एक छोटा गेम करतोय. तो चित्रं काढतो, मी कोड लिहितो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनी २०२० मध्ये 'राजी' काढला तेव्हापासून त्याच्या डोक्यात हा किडा होता. आमच्या गेममध्ये शस्त्र एकच, दांडपट्टा.

अमरावतीत वाढलेल्या माणसाला आखाडा ही म्युझियममधली वस्तू वाटत नाही. वैद्य बंधूंनी सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून गावात आहे. १९३६ साली मंडळाचं पथक ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन आपले देशी व्यायामप्रकार दाखवून आलं, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येकाला एकदा तरी ऐकवली जाते. त्याच मंडळाचं इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. म्हणजे मल्लखांब आणि मायक्रोप्रोसेसर एकाच संस्थेत! पण आम्हाला दोन हातांनी पट्टा फिरवणारा माणूस मिळाला तो अकोल्यात, जुन्या शहरातल्या एका लहानशा आखाड्यात. दोस्त लहानपणी तिथे जायचा. त्यामुळे पुण्याहून घरी आलो की एक दिवस अकोल्याला चक्कर. (अमरावती-अकोला म्हणजे तोच रस्ता, ज्याच्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत न थांबता टाकून गिनीजमध्ये नाव लागलं. त्याआधीचे धक्के ज्यांनी खाल्लेत त्यांनाच या रेकॉर्डची किंमत.)

पट्टा हे मोठं विचित्र शस्त्र आहे. लांब, सरळ, लवचिक, दुधारी पातं आणि मुठीच्या जागी कोपरापर्यंत येणारा लोखंडी खोबळा. हात आत घालायचा आणि आतली आडवी मूठ पकडायची. झालं, मनगट गेलं. तलवारीत जी सगळी करामत मनगटाची असते ती इथे बंद. फिरवायचं ते कोपरानं, खांद्यानं आणि मुख्य म्हणजे पायांनी. म्हणून पट्टा भोसकत बसत नाही, फिरत राहतो. तोंडाचा पट्टा सुटला असं आपण म्हणतो ना, त्यात शब्द किती लागले याला महत्त्व नाही. मधे थांबत नाही, दुसऱ्याला शिरायला जागा देत नाही, ही खरी तक्रार असते.

वस्तादांना मी पहिला प्रश्न तोच विचारला, गुणाकाराचा. दोन पट्ट्यांनी दुप्पट मार बसतो का?

"दुप्पट कायचा राज्या? दोघायले मारासाठी दोन पट्टे नसतात. उजवा मांगं गेला का समोर खिडकी उघडते. डावा त्या खिडकीत उभा रायला पायजे. बस."

मी मोबाइलवर सेकंदाला साठ फ्रेमनी त्यांचा व्हिडिओ काढला आणि घरी येऊन फ्रेम मोजत बसलो. (रविवार दुपार, पोटात पुरणपोळी, समोर फ्रेम नंबर ३१२. यापेक्षा मोठं सुख नाही.) त्यांच्या एका पट्ट्याचा फेरा साधारण पन्नास फ्रेमचा. त्यातल्या अर्ध्या वेळात पातं समोर असतं, अर्ध्या वेळात मागे. म्हणजे पंचवीस फ्रेम, जवळजवळ पाव-अर्धा सेकंद, समोर कोणी नाही. दुसरा पट्टा आला की बरोबर ती पंचवीस फ्रेम भरून निघते. दोन्ही पाती एकाच वेळी समोर आलेली मला अख्ख्या व्हिडिओत एकदाही सापडली नाहीत. आली तर एकमेकांवर आपटतील.

वस्तादांचं एक वाक्य आणि माझे आकडे एकच सांगत होते. त्यामुळे आमच्या गेममध्ये दुसऱ्या पट्ट्यानं डॅमेज एका पॉइंटानंही वाढत नाही. फक्त खिडकी बंद होते. एका पट्ट्यानं खेळताना शत्रूला आत शिरायला पंचवीस फ्रेम मिळतात. दोन असले की मिळत नाहीत, जोवर तुम्ही पाय हलवताय तोवर. थांबलात की दम लागतो, फेरा तुटतो आणि मग चारी बाजूंनी उघडे.

दोस्ताला हे पटलं. भांडण झालं ते पुढच्या गोष्टीवरून.

त्याचं झालं असं, की वस्ताद दोन्ही पट्टे चढवून उभे असताना त्यांचा फोन वाजला. खिशातच. दोन्ही हात कोपरापर्यंत लोखंडात. त्यांनी मान वळवून एका पोट्ट्याकडे बघितलं. त्यानं खिशातून फोन काढला, बटण दाबलं आणि टाचा उंचावून त्यांच्या कानाला लावून धरला. गॅस सिलेंडरवाला होता. मोठ्या गंभीरपणे चार फुटी पाती दोन बाजूंना धरून वस्ताद सांगत होते, हो हो, घरी आहे कोणीतरी, द्या ठेवून.

मी त्याच रात्री कोडमध्ये लिहिलं: दोन पट्टे असताना दार उघडत नाही, शिडी चढता येत नाही, जमिनीवरचं काही उचलता येत नाही. आधी काढायचे, मग काम. दोस्त म्हणाला, प्लेअर वैतागेल. स्कायरिममध्ये (२०११) दोन शस्त्रं घेतली की ब्लॉक करता येत नाही, तेवढंच लोकांना टोचतं, आणि तू दार बंद करतोस? त्याला पट्टे अर्ध्या सेकंदात गायब व्हायला हवेत, खांद्यावर कुठेतरी चिकटलेले. त्याचं म्हणणं चूक नाही. गेम विकायचाय.

पण मला ते अर्ध्या सेकंदाचं गायब होणं परवडत नाही. १९ फेब्रुवारी २०२४ ला दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. वस्तादांना मी ते सांगितलं तर म्हणाले, "मालूम हाय बाप्पा. चांगलं झालं. पन शिकाले कोन येते?" त्यांच्या आखाड्यात दोन हातांनी फिरवणारे ते धरून तीन जण. त्यातला एक पुण्यात नोकरीला लागतोय, माझ्यासारखाच. पोट्टे येतात ते गणपतीच्या महिनाभर आधी, मिरवणुकीपुरते, आणि सगळ्यांना पहिल्याच दिवशी दोन पट्टे हवे असतात. वस्ताद आधी लाठी देतात, मग फरीगदगा, म्हणजे डाव्या हातात ढाल. डावा हात आधी सांभाळायला शिकतो, मग पुष्कळ नंतर पातं. तोवर बहुतेक पोट्टे गळतात. आमचा गेम खेळून उद्या कोणी त्यांच्या दारात आला, तर तो निदान दुप्पट मार शोधत येऊ नये एवढं मला हवंय.

सध्याच्या बिल्डमध्ये पट्टे काढायला अडीच सेकंद लागतात. दोस्ताला ते एकवर आणायचंय. मागच्या रविवारी हाच वाद आम्ही वस्तादांसमोर लॅपटॉप ठेवून घातला. त्यांनी स्क्रीनवर हिरोला दुसरा पट्टा चढवताना बघितलं आणि विचारलं, "हा एकटाच कसा घालून रायला? उजव्या हातात पट्टा अस्ला का डाव्याचा खोबळा कोन धरते?"

आखाड्यात ते काम पोट्टं करतं. एक जण खोबळा धरतो, वस्ताद हात आत सारतात. आमच्या हिरोला आता एक जोडीदार लागणार. दुसरा प्लेअर ठेवायचा की कॉम्प्युटरनं चालवलेलं पात्र, हे अजून ठरलेलं नाही. दोस्तानं मात्र त्याचं चित्र काढून पाठवलंय: दहा-अकरा वर्षांचं, हाफ पँट, आणि एका हातात फोन.