पेलिकन गावची सहल

दोस्तांनो, मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही कुठे कुठे जाऊन आलात? कुणी कोकणात आंबे खायला गेलं असेल, कुणी महाबळेश्वरला. मी आधी साताऱ्याला ताईकडे गेलो आणि तिथून पेलिकन टाउन नावाच्या गावाला. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही! तिथे एसटी जात नाही. भाचीने लॅपटॉप उघडला, ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ सुरू केला आणि म्हणाली, “मामा, चल. तुला एक शेत देते.”

शेत मिळतं ते आजोबांकडून. शहरातल्या कचेरीत मान मोडून काम करताना आपण टेबलाचा खण उघडतो, तर त्यात आजोबांचं जुनं पत्र. दरीतलं माझं शेत आता तुझं, असं त्यात लिहिलेलं. की निघालो आपण! बसथांब्यावर एक नादुरुस्त बस कधीची उभी असते. तिथून पश्चिमेला आपलं शेत, पूर्वेला गाव. आजोबांचं शेत म्हणून मी मोठ्या उत्साहाने पाहायला गेलो, तर जिकडे तिकडे दगड, ओंडके आणि माजलेलं गवत. हातात कुऱ्हाड, कुदळ, टिकाव, विळा आणि पाण्याची झारी. सरपंचांनी भेट म्हणून पार्सनिपचं बी ठेवलेलं, मोजून १५ दाणे. पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखा एक कंद. रोज पाणी घातलं तर चार दिवसांत तयार.

“चार दिवसांत?” मागून आवाज आला. ताईचे सासरे, म्हणजे भाचीचे आजोबा, खुर्ची ओढून बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणतात. सारा जन्म त्यांनी शेती केली. “आमचा मुळासुद्धा महिन्याच्या आत हाती लागत नाही!”

गाव छोटंसंच. मधोमध चौक, चौकाला लागून पिएरचं बियाण्यांचं दुकान आणि शेजारी दवाखाना. नदीच्या बाजूला लोहाराचं दुकान आणि वस्तुसंग्रहालय. दक्षिणेला समुद्र, तिथे विली नावाचा कोळी पहिल्याच आठवड्यात आपली जुनी गळकाठी आपल्याला देऊन टाकतो. उत्तरेला डोंगराशी तंबू ठोकून लायनस राहतो. लोक त्याला विचित्र समजतात, पण मला तो गावातला सगळ्यांत शहाणा माणूस वाटला. नैऋत्येच्या जंगलात जादूगाराचा मनोरा आहे आणि गावच्या पडक्या समाजमंदिरात सफरचंदाएवढी वनभुतं राहतात. त्यांना ठरावीक भाज्या, मासे, खनिजं नेऊन दिली की ती एकेक खोली दुरुस्त करतात. ती नादुरुस्त बससुद्धा त्यांच्याच कृपेने सुरू होते, बरं का!

इथे आयतं फार थोडं मिळतं. सामान ठेवायला पेटी हवी? तोडा झाडं आणि आणा ५० लाकडं. बुजगावणं हवं? ५० लाकडं, एक कोळसा आणि गवताचे २० तंतू. तांब्याची कथा तर मोठीच आहे. तळ्याकाठी एक खाण आहे, १२० मजले खोल. आत लिबलिबीत राक्षस उड्या मारत अंगावर येतात. त्यांना चुकवत टिकावाने तांब्याचे खडे फोडायचे. २० खडे आणि २५ दगड लावून भट्टी करायची. त्या भट्टीत पाच खडे आणि एक कोळसा घातला की तांब्याची एक लगड निघते. अशा पाच लगडी आणि २००० मोहरा लोहाराला दिल्या की तो आपल्या झारीला तांब्याचा साज चढवतो. पण झारी दोन दिवस त्याच्याकडेच! तोवर पिकाला पाणी कोण घालणार? भाचीने मला युक्ती सांगितली. घरातल्या टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात. उद्या पाऊस असेल तर आज झारी टाकायची.

“टीव्हीवर विश्वास ठेवून शेती!” आबा हसले. “आणि पावसाळा कोणत्या महिन्यात?”

“आबा, तिथे पावसाळा नसतो. वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा.”

“पावसाळाच नाही? मग ती शेती कसली?”

तरी उठले मात्र नाहीत.

आता माझी फजिती ऐका. तिथला एक दिवस आपल्या सुमारे १४ मिनिटांत संपतो. दुपारी भाची तिचं शेत करायची, रात्री मी माझं. वसंतातल्या १६ तारखेला, मंगळवारी, मी फ्लॉवरचं बी आणलं. बुधवारी पिएरचं दुकान बंद असतं, हे मी मुद्दाम लक्षात ठेवलं होतं. मोठा हुशार ना मी! ८० मोहरांना एक बी, अशी २० घेतली. जवळचे जवळजवळ सगळे पैसे संपले. त्या दिवशी फार दमलो होतो, म्हणून बी लावलं दुसऱ्या दिवशी सकाळी. फ्लॉवरला १२ दिवस लागतात. १७ आणि १२ किती? २९. म्हणजे महिना संपायच्या आत पीक हातात! रोज न चुकता पाणी घातलं. कांदे दिसू लागले.

२८ तारखेला रात्री झोपलो आणि सकाळी उठून पाहतो तर सगळं शेत वाळलेलं. तिथला महिना २८ दिवसांचाच असतो. ऋतू बदलला की वसंतातलं पीक त्याच रात्री मरतं. एका दिवसाने हुकलं! आदल्या संध्याकाळी लावलं असतं तर २८ तारखेला २० फ्लॉवर निघाले असते, प्रत्येकी १७५ मोहरांचे.

आबांनी चष्मा वर केला. “पाहुणं, पंचांग बघितलं नव्हतं व्हय?”

मग बराच वेळ थांबून म्हणाले, “आमचाबी कांदा असाच गेला एकदा. एका रात्रीत.” यावर मात्र कुणीच हसलं नाही.

हे सगळं गाव एका माणसाने रचलं आहे. अमेरिकेतल्या एरिक बॅरोनने चित्रं, संगीत, संगणकाचे आदेश, गावकऱ्यांचे संवाद सगळं एकट्याने केलं. साडेचार वर्षं लागली. त्या काळात तो संध्याकाळी एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करायचा. लहानपणी त्याला ‘हार्वेस्ट मून’ हा १९९६ चा जपानी शेतीचा खेळ फार आवडायचा. स्वतःचा खेळ त्याने २६ फेब्रुवारी २०१६ रोजी बाजारात आणला, आणि २०२४ अखेर त्याच्या ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या.

भाचीचं शेत माझ्या कितीतरी पुढे होतं. एका दुपारी ती शेतीच्या पाचव्या पायरीला पोचली. रात्री झोपताना पडद्यावर दोन पाट्या आल्या. एक पशुपालक, एक मशागत करणारा. दोन्हींतला एकच धंदा निवडायचा. पशुपालकाला दूध-अंड्यांचा भाव २० टक्के जास्त मिळतो, मशागत करणाऱ्याला पिकांचा १० टक्के जास्त. मी लगेच मामेपणा केला. म्हटलं, “मशागतच घे. दहाव्या पायरीला त्यातून कारागीर होता येतं. चीज, मुरंबे, सगळ्याला ४० टक्के जास्त भाव!”

“पण मामा, मला कोंबड्या आवडतात.”

ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. दहावीचा निकाल लागला होता आणि अकरावीचा अर्ज अजून भरायचा होता. घरात आठवडाभर तोच विषय. “हेच मी सांगते,” ताई म्हणाली. “सायन्स घेतलं की सगळी दारं उघडी राहतात. नुसत्या आवडीवर...”

भाचीने पशुपालकाच्या पाटीवर टिचकी मारलीसुद्धा.

मग हळूच म्हणाली, “चुकलं तरी चालतं इथे. गटारात एक पुतळा आहे. त्याला दहा हजार मोहरा दिल्या की धंदा बदलता येतो. पण गटाराची किल्ली मिळायला आधी संग्रहालयात साठ वस्तू द्याव्या लागतात.” आणि ताईकडे वळून, “आई, अकरावीला असा पुतळा असतो का गं?”

ताई काही बोलली नाही. तिच्या शेजारी टेकली आणि तिच्या कोंबड्या पाहत राहिली. त्या रात्री दोघी उशिरापर्यंत बोलत होत्या. मी दिवाणखान्यात झोपलो होतो, शब्द काही कळले नाहीत. सकाळी अर्ज भरून झाला. पहिल्या पसंतीला काय लिहिलं, ते मला दोघींनीही अजून सांगितलेलं नाही.

मी निघालो त्या दिवशी भाचीने गोठा बांधून घेतला होता. १५०० मोहरा मोजून तिने मार्नीकडून गाय आणली. गाईचं नाव लिहायला पडद्यावर चौकट आली. तिने लॅपटॉप उचलून आबांच्या मांडीवर ठेवला.

आबांनी एका बोटाने शोधून शोधून एकेक अक्षर दाबलं. ‘कपिला’. मग विचारलं, “दूध किती देती गं?”