साखरझोपेचा कायदा

परप्रांतात नोकरी करणाऱ्या माणसाला रजेचा हिशेब शिकवावा लागत नाही. किरकोळ रजा किती उरली, अर्जित रजा किती साठली, बदलीच्या जागी रुजू होण्यासाठी मिळणाऱ्या दिवसांपैकी किती आगगाडीत जातील आणि त्यांतले दोन वाचवून गावी आईला भेटून येता येईल काय, ही गणिते आपण इतक्या वेळा मांडलेली असतात की ती पाठच झालेली असतात. आपली विश्रांती ही अशी खात्यावर जमा असते. ती कोणीतरी आपल्या नावे लिहून ठेवलेली असते, आणि नाकारायची झाल्यास वरिष्ठाला कागदावर कारण द्यावे लागते. या गोष्टीचे आपल्याला फारसे अप्रूप वाटत नाही. मलाही वाटत नव्हते. परंतु अशीच साठलेली रजा घेऊन मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलो असता माझी गाठ एका निराळ्याच खातेवहीशी पडली. ती होती मालमोटारी हाकणाऱ्यांच्या झोपेची खातेवही.

अमेरिकेत मालमोटार चालवणाऱ्याच्या दिवसाला कायद्याचे कुंपण आहे. सलग १० तास विश्रांती झाली म्हणजे त्याचा कामाचा दिवस उघडतो आणि उघडल्यापासून १४ तासांनी मिटतो. या १४ तासांत गाडी हाकायची ती फार तर ११ तास. ८ तास हाकून झाले की मध्ये निदान अर्धा तास चाकावरचा हात काढलाच पाहिजे. एवढ्याने भागत नाही. बहुतेक कंपन्यांत कोणत्याही ८ दिवसांत मिळून ७० तासांच्या कामाची मर्यादा असते. ती भरली की गाडी हाकता येत नाही. मात्र सलग ३४ तास कामावाचून काढले, तर मागची पाटी पुसली जाते आणि ७० तासांची कोरी पाटी हाती येते. या पुसण्याला तिकडे ‘रीस्टार्ट’ म्हणतात.

हे कुंपण एका दिवसात उभे राहिलेले नाही. १९३५ च्या मोटार-वाहतूक कायद्यात त्याचा पाया आहे. ३४ तासांची सवलत जानेवारी २००४ पासूनची. पूर्वी प्रत्येक चालक आपले तास एका वहीत स्वतःच्या हाताने भरी, आणि त्या वहीत कल्पनाशक्तीला इतका वाव असे की चालक आपसांत तिला ‘कॉमिक बुक’ म्हणत. डिसेंबर २०१७ पासून वहीची जागा गाडीच्या यंत्राला जोडलेल्या एका विद्युत्‌ उपकरणाने घेऊ लागली. चाके फिरू लागली की तास आपोआप लिहिले जातात. आता कल्पनेला जागा थोडी उरली आहे.

ही सारी माहिती मला सांगितली ती एका सरदारजींनी. बेकर्सफील्डजवळ हमरस्त्यालगत मालमोटारींचा एक मोठा तळ आहे. तिथे इंधन मिळते, अंघोळीची सोय असते, कपडे धुण्याची यंत्रे असतात. आम्ही चहासाठी थांबलो होतो आणि सरदारजी एका यंत्रासमोर आपले कपडे धुऊन निघण्याची वाट पाहत बसले होते. कॅलिफोर्नियात पंजाबी चालक पुष्कळ आहेत, त्यामुळे त्यांना पाहून मला नवल वाटले नाही. त्यांना मात्र माझ्या तोंडून पंजाबी ऐकून वाटले. माझी बरीचशी नोकरी अंबाला-चंदीगढकडे झाली आहे, हे सांगताच आमच्यात परकेपणा उरला नाही. त्यांच्या ३४ तासांपैकी १९ सरले होते, १५ उरले होते. घर चार राज्यांपलीकडे. ‘‘कपडे धुऊन झाले, गुरुद्वारा इथून दूर, झोप येत नाही. आता बसून राहणे हेच काम,’’ ते म्हणाले. या कामाचा त्यांना पैसाही मिळत नव्हता, कारण त्यांचा मोबदला मैलामागे ठरलेला होता आणि उभ्या गाडीला मैल नसतात.

त्यांच्या तक्रारी ऐकण्यासारख्या होत्या. माल उतरवायला एखाद्या गुदामाच्या दारी चार तास ताटकळावे लागले, तर ते तास १४ मधूनच वजा होतात. ती विश्रांती नव्हे आणि हाकणेही नव्हे. घड्याळ मात्र चालूच. मग उरलेल्या वेळात अंतर कापायचे म्हणून माणूस घाई करतो. संध्याकाळी तास संपत आले की गाडी उभी करायला जागा मिळत नाही; तळ भरलेले असतात. थकवा असेल तेव्हा घड्याळ म्हणते, ‘चल, अजून तीन तास आहेत’. आणि ताजेतवाने असताना म्हणते, ‘आता झोप.’ झोप काय आज्ञेने येते?

हे ऐकताना मला आपल्या भाषेतला एक शब्द आठवला. पहाटेच्या झोपेला आपण साखरझोप म्हणतो. सगळ्या झोपा सारख्या नसतात, हे ज्याने हा शब्द प्रथम उच्चारला त्याला पक्के ठाऊक होते. गंमत अशी की अमेरिकेच्या नियमकर्त्यांनीही एकदा ही साखरझोप कायद्यात बसवण्याचा प्रयत्न केला. जुलै २०१३ पासून त्यांनी अशी अट घातली की ३४ तासांच्या विश्रांतीत रात्री १ ते पहाटे ५ हा काळ दोनदा आला पाहिजे, आणि अशी पाटी आठवड्यातून एकदाच पुसता येईल. शरीराला सर्वांत गाढ झोप हवी असते ती त्या वेळी, असा त्यामागचा विचार. वाहतूकदारांनी विरोध केला; अशाने गाड्या पहाटे एकदम सुटून सकाळच्या गर्दीत सापडतील, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या काँग्रेसने ती अट स्थगित केली, आणि पुढे झालेल्या अभ्यासात तिचा ठळक लाभ न दिसल्याने ती परत आली नाही. साखरझोप कायद्याच्या पोटात दीड वर्ष राहिली आणि बाहेर पडली. ३४ हा आकडा मात्र कायम राहिला.

इथवर ऐकून कोणालाही वाटेल की हा सारा यंत्रयुगाचा जाच आहे. माणसाच्या थकव्याला मिनिटांत मोजणे हीच मुळात चूक आहे. मलाही तसे वाटू लागले होते. म्हणून मी सरदारजींना विचारले, की तुम्ही आपल्याकडेही गाडी हाकली आहे. तिकडे हे घड्याळ नव्हते. मग सुख कुठे अधिक? त्यांनी लुधियानाहून सायकलींचे सुटे भाग आणि लोकरी माल घेऊन मुंबईच्या खेपा आठ वर्षे केल्या होत्या. ते थोडा वेळ यंत्रातल्या फिरत्या कपड्यांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘साहेब, तिकडे मालक विचारायचा, कधी पोचशील? इकडे विचारतात, तुझ्याकडे तास किती उरले आहेत?’’

या दोन प्रश्नांत जे अंतर आहे, ते मला तेव्हापासून फार महत्त्वाचे वाटत आले आहे.

दुसरा प्रश्न आपल्याकडे कोणाला सुचलाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९६१ साली आपल्या संसदेने मोटार-वाहतूक कामगारांसाठी कायदा केला. दिवसाचे ८ तास, आठवड्याचे ४८. लांबच्या मार्गावर सवलत म्हणून दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तास. सलग ५ तासांहून अधिक काम नाही. त्यानंतर निदान अर्धा तास विसावा. आणि आजची पाळी संपून उद्याची सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. अमेरिकेतल्या ११ तासांशी ताडून पाहिले, तर आपला कायदा कितीतरी दयाळू होता. मुळात तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांपुरता होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तासांची तीच मर्यादा मालवाहू गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला लावली. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक हवेत आणि एकाला आडवे होता यावे असे बाक हवे, असाही नियम होता. दोन चालकांची ती सक्ती २०१८ साली उठली. १९६१ चा कायदा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार-संहितेत विलीन झाला आहे, आणि ८ तासांचे तत्त्व तिथेही आहे. तेव्हा कायद्याच्या पुस्तकात आपली बाजू लंगडी नाही. उणीव आहे ती घड्याळाची. म्हणजे खरे तर चालकाच्या बाजूने साक्ष देणाऱ्या कोणाची.

ज्याच्या दोन-तीनच गाड्या आहेत आणि तीनही कर्जावर आहेत असा मालक, खेपेवर ठरलेला मोबदला, हुंडेकऱ्याने आडतीवर बसून सांगितलेली वेळ, या कातरीत सापडलेला चालक ‘मला आता झोपायचे आहे’ असे म्हणाला तर तो आळशी ठरतो. पूर्वी राज्यांच्या सीमांवर विक्रीकराचे नाके असत आणि रांगा मैलभर लागत. त्या रांगेत क्लीनरला चाकावर बसवून कित्येक चालक तासभर डोळा लावीत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि ते नाके उठले. योग्यच झाले, ती रांग म्हणजे काही विश्रांती नव्हे, जशी गुदामाच्या दारची खोळंबाही विश्रांती नव्हे. पण वाचलेले ते तास चालकाच्या खात्यावर कोणी जमा केले नाहीत. ते मालाच्या खात्यावर गेले. २०२५ पासून नव्या मालमोटारींत चालकाच्या कक्षाला वातानुकूलन सक्तीचे झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. गार हवेत जागरण थोडे सुसह्य होईल, परंतु ते जागरणच राहील.

म्हणून त्या विद्युत्‌ घड्याळाचा जाच मान्य करूनही मला त्याचा एक गुण मोठा वाटतो. ते दुबळ्या माणसाला ‘नाही’ हा शब्द देते. कोणी दमदाटी केली तर सरदारजी आपल्या थकव्याची कैफियत मांडत बसत नाहीत; ते एवढेच म्हणतात, ‘तास संपले.’ यापुढे वाद नसतो. थकवा हा ज्याचा त्याला कळतो, दुसऱ्याला तो पटवता येत नाही. तास मात्र सर्वांना सारखेच दिसतात. घड्याळाला साखरझोप कळत नाही हे खरेच. परंतु ज्याला थांबण्याचा अधिकारच नाही, त्याला साखरझोपेची गोडी सांगून काय उपयोग? आधी थांबता आले पाहिजे. झोप कशी आणि केव्हा, हा त्यापुढचा विचार.

आपण कागदावर आकडे लिहिणारी माणसे आहोत, म्हणून एक आकडेमोड इथे करून पाहतो. लुधियाना ते मुंबई हे अंतर सुमारे १७०० किलोमीटर. भरलेल्या मालमोटारीची सरासरी ताशी ४० किलोमीटर धरली, तर हाकण्याचेच ४२ तासांहून अधिक होतात. दिवसाला ८ तास धरले तर पाच दिवसांहून थोडे जास्त, लांबच्या मार्गाची सवलत घेऊन १० धरले तर चार दिवसांहून थोडे जास्त. आता पुरवठ्याच्या एखाद्या करारात ‘माल तीन दिवसांत पोचावा, विलंबास दंड’ असे वाक्य आले, तर त्याचा अर्थ रोज १४ तास, आणि एकच चालक असेल तर कायद्याचा भंग, असाच होतो. ते वाक्य लिहिणाऱ्याने कोणाला जागे राहा असे सांगितलेले नसते. त्याने केवळ तारीख घातलेली असते.

अशा कागदांवर आपल्यापैकी अनेकांच्या सह्या होतात. कोणी रेल्वेत आहे, कोणी अन्नधान्याच्या खात्यात, कोणी बांधकामात. प्रत्येक हमरस्त्यावर घड्याळे बसवणे आपल्या हाती नाही. परंतु मुदतीचा आकडा दिसला की अंतराला वेगाने आणि आलेल्या तासांना आठाने भागून पाहणे, हे काही अवघड नाही. रजेच्या हिशेबात आपण याहून कठीण गणिते रोज सोडवतो. उत्तर जुळले नाही तर समासात एक शेरा लिहावा: चालकाने झोपायचे केव्हा? वरिष्ठाला त्याचे उत्तर द्यावेच लागेल, कारण शेऱ्याला उत्तर देण्याची आपल्या कचेऱ्यांची रीतच आहे.